दुसऱ्याच गाडीचं बॉनेट

अमेरिकेच्या उत्तर टोकाला, वरच्या मिशिगनमध्ये, पंधरा नोव्हेंबरला माणसाने आजारी पडू नये, मरू नये, आणि गाडी तर अजिबात बिघडू देऊ नये. त्या दिवशी हरणांच्या शिकारीचा मोसम उघडतो. शाळांना सुट्टी, गॅरेजांना कुलूप, दातांचा डॉक्टर बंदूक घेऊन झाडावर. पुरुष दोन आठवडे रानातल्या लाकडी खोपटात राहून एकमेकांना थापा मारतात आणि बायका घरी सुखाने जेवतात. अशा दिवशी कोर्टाची तारीख देणारी न्यायाधीशबाई दोन्ही मिशिगन जोडणाऱ्या पुलापलीकडची, खालच्या मिशिगनची असणार, हे सांगायला ज्योतिषी लागत नाही.

ती तारीख आयली कार्वोनेनच्या वाट्याला आली होती. चौऱ्याण्णव साल, मंगळवार, दुपारी एक वाजता, हॉटनच्या कोर्टात. घरापासून पंचेचाळीस मैल.

तिची लेक डोरीन जूनमध्ये कुणातरीबरोबर निघून गेली ती गेलीच. मागे चार वर्षांची टेसा राहिली. आयलीला हे कळेपर्यंत पोरीला सरकारी लोकांनी परक्या घरी ठेवलंही होतं. नात मला द्या, म्हणून आयलीने अर्ज केला. ऑक्टोबरात पहिली तारीख पडली, आणि त्या सकाळी तिच्या गाडीपुढे हरीण आलं. हरीण मेलं, बॉनेट चेपलं, आणि आयली कोर्टात पोचलीच नाही. मग जे पत्र आलं त्यात सरळ लिहिलं होतं: या वेळी अर्जदार हजर नसेल तर मुलीची कायमची सोय दुसरीकडे केली जाईल. दुसरीकडे म्हणजे विस्कॉन्सिनमधलं एक जोडपं. माणसं चांगली होती म्हणे. आयलीने ते पत्र इतक्या वेळा वाचलं होतं की घडीवर कागद फाटायला आला होता. पत्रात आणखी एक अट होती. येताना स्वतःची गाडी आणायची, मागे लहान मुलाची सीट बसवून, म्हणजे केसचं काम बघणारी बाई ती तपासेल.

म्हणून ती साडेनऊलाच निघाली. बासष्ट वर्षांची बाई, चांगला कोट, पर्समध्ये पत्र, मागच्या सीटवर टेसासाठी टॉवेलात गुंडाळलेली बटाट्या-मांसाची गरम पेस्टी. गाडी शेडमधून मागे घेतली आणि पुढून फाड्कन आवाज आला. स्टिअरिंग दगडासारखं जड झालं. बॅटरीचा लाल दिवा लागला.

तिने बॉनेट उघडलं. इंजिनच्या बाजूला सहा पुल्या असतात, त्या सगळ्यांना वेढे घालत एकच लांब पट्टा फिरतो. तो तुटून खाली लोंबत होता. एडविन, तिचा नवरा, असता तर म्हणाला असता, बघ, मी म्हटलं नव्हतं? पण एडविन जाऊन नऊ वर्षं झाली होती. त्याची एक सवय मात्र तिने चालू ठेवली होती. डिकीत नवा पट्टा कायम पडलेला असायचा.

पट्टा हातात आला खरा, पण तो घालायचा कसा? नुसता बघितला तर तो बांगडीसारखा साधा, आणि पुल्यांमधली वाट मात्र अशी की देव आठवावा. इथून वर, तिथून खाली, हिच्या आतून, तिच्या बाहेरून. त्यासाठी गाडी बनवणारे बॉनेटच्या आतल्या बाजूला एक आकृती चिकटवतात. आयलीने बाहीने धूळ पुसली. आकृती होती. गोल गोल पुल्या आणि त्यांच्यातून फिरणारी जाड रेघ. दोन चित्रं होती, एक एसी असलेल्या गाडीचं, एक नसलेलीचं. आमच्याकडे एसी कुणाला लागतो? तिने दुसऱ्या चित्रावर बोट ठेवलं आणि कामाला लागली.

एक पुली स्प्रिंगवर असते. ती पान्याने दाबून धरली तरच पट्टा बसतो. दाबायला एक माणूस आणि पट्टा सरकवायला दुसरा. माणसं सगळी रानात होती, तेव्हा आयलीने पान्याला दोरी बांधली, दोरी शेडच्या खांबाला ताणून आवळली, आणि दोन्ही हात मोकळे करून घेतले. चार वेळा पट्टा निसटला. चार वेळा तिने घरच्या फिनिश भाषेतली अशी शिवी दिली की आई असती तर तोंड साबणाने धुतलं असतं. पाचव्या वेळी बसला. किंचित सैल वाटला, पण चित्राबरहुकूम होता, रेघ न् रेघ. पावणेअकराला तिने गाडी रस्त्यावर घेतली. हात काळे झाले होते, कोटाची बाही खराब झाली होती, पण मनातून तिला स्वतःचं कौतुक वाटत होतं. ते फार टिकलं नाही.

बारा मैलांवर हीटरमधून गार वारा यायला लागला. बाहेर बर्फ आणि आत पण बर्फ. तिने बटण फिरवून बघितलं, थोपटून बघितलं. मग तिची नजर काट्यावर गेली. उष्णतेचा काटा लाल पट्टीत शिरला होता. तिने गाडी कडेला घेईपर्यंत बॉनेटच्या फटीतून वाफ यायला लागली.

अकरा वाजून दहा मिनिटं.

वाफ जरा ओसरल्यावर तिने बॉनेट वर केलं. पट्टा जागेवर होता. तिने आकृतीवर बोट फिरवलं, मग इंजिनवर. पुन्हा आकृतीवर. सगळं बरोबर! तिसऱ्यांदा बघितलं. बरोबर! मग उकळतंय कशाला मेलं? ती रस्त्याच्या मध्ये जाऊन उभी राहिली, दोन्हीकडे बघितलं, परत आली. पन्नास पावलं पुढे चालत गेली, मग गाडी सोडून जाते कुठे म्हणून वळली. घड्याळ बघितलं. दोनच मिनिटं गेली होती. रानात दूर एक बार झाला, मग आणखी एक. आज अख्खा जिल्हा झाडाझुडपांत दडलेला होता आणि रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. एरवी कुणीही थांबलं असतं. आमच्याकडे थंडीत कडेला उभी गाडी दिसली आणि कुणी थांबलं नाही, असं होत नाही. पण थांबायला आधी कुणी यावं तर लागतं. विस्कॉन्सिनच्या त्या बाईचा चेहरा आयलीने कधी बघितला नव्हता, तरी आता तो तिला स्पष्ट दिसत होता. बाई हसत होती आणि तिच्या कडेवर टेसा होती. आयलीने चाकाला लाथ घातली आणि पायाचं बोट दुखावून घेतलं.

साडेअकराला एक पिकअप आला. पुढे बर्फ ढकलायचं पातं लावलेला, हिरवा, एका दाराला गंज चढलेला. आयलीने हात वर केला, आणि गाडी ओळखू आल्यावर तो तसाच खाली घेतला.

मोसमाच्या पहिल्या दिवशी रानात न जाणारा पंचक्रोशीत एकच पुरुष होता, सुलो पेसोनेन. तो का जात नाही हे सगळ्यांना ठाऊक होतं. नऊ वर्षांपूर्वी याच दिवशी, पहाटेच्या धुक्यात, त्याने हललेल्या झुडपावर गोळी झाडली. झुडपामागे एडविन कार्वोनेन होता. हरीण ओढून दमल्यामुळे त्याने माणूस दिसावा म्हणून शिकारी घालतात ते नारिंगी जाकीट काढून ठेवलं होतं. चौकशी झाली, अपघात ठरला. सुलोने बंदुका विकल्या. त्याने आयलीला तीन पत्रं लिहिली, ती तिने न फोडता सौनाच्या, म्हणजे वाफेच्या न्हाणीघराच्या, चुलीत घातली. तिघं एका वर्गात शिकलेले. तेव्हापासून ती त्याच्याशी एक शब्द बोलली नव्हती. चर्चमध्ये तो डावीकडे बसला तर ही उजवीकडे बसायची.

सुलो उतरला. जाड, वाकलेला, भुवया पांढऱ्या. तिच्यापासून चांगला दहा पावलं लांब थांबला.

"उकळली?" त्याने विचारलं.

अडला हरी गाढवाचे पाय धरी, असं म्हणतात. आयलीला ते जमत नव्हतं. तिने रानाकडे बघत नुसती मान हलवली.

"बघू का?"

"बघ."

नऊ वर्षांनंतरचा पहिला शब्द तो असा निघाला.

सुलो वाकला. पट्ट्याकडे बघितलं, बोटाने पाण्याच्या पंपावरची घाण खरवडली, मग मान वर करून स्टिकर बघितला. बराच वेळ बघितला. मग बाहेरून बॉनेट बघितलं. गाडी निळी आणि बॉनेट काळपट लाल, हे तर आंधळ्यालाही दिसलं असतं.

"हे बॉनेट कुणी बसवलं?"

"ओन्नीने." ओन्नी लांपी तिचा शेजारी. "ऑक्टोबरात. कुठूनसं आणलं त्याने."

"कुठूनसं नाही. माझ्या यार्डातून आणलं." सुलोच्या भंगार गाड्यांच्या यार्डाबद्दल आयलीचं मत काय होतं ते ओन्नीला माहीत होतं, म्हणून म्हाताऱ्याने तोंड शिवून ठेवलं होतं. "आणि मी त्याला सांगितलं होतं की हे सहा सिलिंडरच्या गाडीचं आहे. बसेल, दिसेल, पण आतलं चित्र हिचं नाही. तुझं इंजिन चारचं. तो बहिरा ऐकतो कशाला!"

आयलीने स्टिकरकडे बघितलं. "म्हणजे मी..."

"तू बरोबरच घातलास. पण दुसऱ्या गाडीचा. पट्ट्याची ही बाजू गुळगुळीत, ही खाचांची. पंपाच्या पुलीला खाचा आहेत, त्यावर तू गुळगुळीत पाठ टाकलीस. पंप उलटा फिरतोय. पाणी पुढे जाणार कसं?"

"मग आता सुलटा घाल! एक वाजता कोर्ट आहे माझं. नातीचं."

"ऐकलंय मी." त्याने टोपी मागे सरकवली. "चल, पिकअपमध्ये बस. मी नेतो हॉटनला."

"गाडी दाखवायचीय त्यांना. सीट लावलेली." हे खरं होतं, पण सगळं खरं एवढंच नव्हतं, आणि आयलीच्या जिभेला कधी लगाम नव्हता. "आणि तुझ्या गाडीतून त्या दारात मी उतरणार नाही, सुलो. मेले तरी नाही."

"बरं."

"बरं काय? पट्टा घाल ना! खाचा तिकडे, गुळगुळीत इकडे, तुला तर सगळं कळतंय."

"खाचा पंपावर यायला हव्यात, एवढं कळतंय. पण पुल्या सहा आहेत. वाटा तीन-चार निघतात. चुकीची धरली तर पुढच्या उतारावर पट्टा उडेल आणि स्टिअरिंग जाईल." तो तिच्याकडे नाही, इंजिनकडे बघत होता. "अंदाजाने मी आता काही करत नाही, आयली."

रानात पुन्हा बार झाला. दोघांनीही तिकडे बघितलं नाही.

"यार्डात तुझ्या गाडीची तीन भावंडं पडलीत. चारच्या इंजिनची," सुलो म्हणाला. "एकीच्या तरी बॉनेटखाली खरं चित्र असेल. दोन मैल. तोवर हे इंजिन पण निवेल. गरम इंजिनात हात घालता येत नाही."

आयलीने घड्याळ बघितलं. अकरा चाळीस. ती पिकअपमध्ये चढली आणि पूर्ण दोन मैल दाराच्या कडीला धरून बसली, जणू कुठल्याही क्षणी उडी मारायची आहे. सुलोने रेडिओ लावला, मग काय वाटलं कोण जाणे, बंद केला.

यार्डात शंभरएक गाड्या बर्फाखाली निजल्या होत्या. ऑफिसात फोन होता. आयलीने कोर्टाचा नंबर फिरवला. वीस वेळा वाजला, कुणी उचलला नाही. जेवायला गेले असतील, नाहीतर रानात. तिने रिसीव्हर असा आपटला की सुलोच्या टेबलावरचा कप हलला.

"माझा फोन फोडू नकोस."

"फुटला तर फुटू दे. गाडी कुठेय?"

पहिल्या गाडीला बॉनेटच नव्हतं, ते विकलं गेलेलं. दुसरीचं बॉनेट गोठून घट्ट बसलं होतं. सुलोने पहार घातली, आयलीने हातमोज्यांनी कडेचा बर्फ ओरबाडला, शेवटी ते कर्रकन उघडलं, आणि आत उंदराचं घरटं निघालं. स्टिकरचा अर्धा कागद उंदरांनी बाळंतपणासाठी नेला होता. उरलेल्या अर्ध्यात तीन पुल्या दिसत होत्या आणि पट्टा कुठेतरी जात होता, कुठे ते उंदरांना माहीत.

"बारा वाजले," आयली म्हणाली.

"मला घड्याळ आहे."

"मग पाय उचल की! चर्चमध्ये तर प्रार्थना संपायच्या आत पळतोस."

"तू बघतेस होय मी कधी पळतो ते?"

ती पुढच्या गाडीकडे चालायला लागली.

तिसरी गाडी कोपऱ्यात होती, आणि तिच्या टपावर दुसरी गाडी ठेवलेली. वरचीची पुढची चाकं बरोबर बॉनेटवर. सुलोने जॅक आणला. आयलीला वाटलं, आता हा माणूस तासभर घालवणार, आणि ती जागच्या जागी येरझाऱ्या घालायला लागली. चार पावलं इकडे, चार पावलं तिकडे. विस्कॉन्सिनची बाई आता टेसाचे केस विंचरत होती. सुलोने वरची गाडी हातभर उचलली, खाली लाकडाचा ओंडका सारला, आणि बॉनेट जेमतेम तेवढंच उघडलं. त्याचं धूड त्या फटीत जाणं शक्य नव्हतं. आयलीने चांगला कोट काढून त्याच्या अंगावर फेकला, बर्फात गुडघे टेकले आणि डोकं आत घातलं.

"आहे?"

"टॉर्च दे." मग थोड्या वेळाने, "आहे! सगळं आहे. चारचं इंजिन, एसी नाही."

"सांग मला."

"सांगत नाही, काढून घेते." ऐकीव गोष्टीवर तिचा आता विश्वास राहिला नव्हता. कोर्टाच्या पत्राचं पाकीट तिने पर्समधून काढलं, त्याच्या पाठीवर पेन्सिलीने सहा गोळे काढले. खालची मोठी पुली. तिच्यावरून उजवीकडे, स्प्रिंगच्या पुलीच्या बाहेरून, पाठ टेकवत. मग वर. मग डावीकडे पंपाच्या पोटाखालून, खाचा आत. तिने प्रत्येक गोळ्याजवळ लिहिलं, खाच, खाच, पाठ, खाच. मग एकदा टॉर्च स्टिकरवर आणि एकदा पाकिटावर धरून सगळं पुन्हा ताडून बघितलं. बाहेर आली तेव्हा तिचे गुडघे ओले होते आणि केसांना ग्रीस लागलं होतं.

सुलोने पाकीट नीट निरखलं. "हं," तो म्हणाला. "आणि मी मनात धरली होती ती वाट चुकीची होती."

बारा वीसला ते परत तिच्या गाडीपाशी होते. इंजिन निवलं होतं. सुलोने चुकीचा बसलेला पट्टा सोडवला, डबा उघडून रेडिएटरमध्ये इंजिन थंड ठेवणारं हिरवं पाणी ओतलं, आणि स्प्रिंगच्या पुलीवर एक लांब लोखंडी बार चढवला.

"दोरी कुठे बांधायची इथे?" आयलीने विचारलं. "खांब नाही."

"दोरी कशाला? मी धरतो. पट्टा तू घाल." त्याने आपला पंजा पुढे केला. पंजा कसला, फावडं होतं. "हा त्या फटीत जात नाही. तुझा जाईल."

आयलीने फटीत बघितलं. तिथे बोटं घालायची, पट्टा पुलीखालून सारायचा, तोवर सुलोने बार दाबून धरायचा. बार निसटला तर पुली झटक्याने परत येणार, पट्टा आवळणार, आणि मध्ये तिची चार बोटं. गावात असं बोट गेलेले दोघं-तिघं तरी होते. घड्याळात बारा पस्तीस वाजायला आले होते.

"सुलो," ती म्हणाली, "मला तुझा अजून राग आहे. एवढासुद्धा कमी झालेला नाही. सांगून ठेवते."

"असू दे." त्याने बारवर दोन्ही हात ठेवले. "राग ठेव आणि डावीकडून घाल."

तिने हात घातला. पाकीट वाऱ्याने उडू नये म्हणून तिने ते दातात धरलं होतं, मग सुलोने मान वाकवून विचारलं, "आता कुठली?" आणि तिने ते तोंडातून काढून त्याच्या छातीवरच्या खिशात खुपसलं, अर्धं बाहेर, दोघांना दिसेल असं. खालची मोठी. खाच. वर. खाच. बार करकरला. सुलोच्या कपाळावर घाम आला, पण बार होता तिथेच राहिला. आयलीला त्याच्या श्वासाचा आवाज ऐकू येत होता. तिची बोटं पुलीच्या आणि पट्ट्याच्या मध्ये होती, आणि या माणसाच्या हातातून काय सुटलं होतं हे तिच्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं. तरी तिने हात मागे घेतला नाही.

"घाई करू नकोस," तो दातांतून म्हणाला. "मी आहे."

"बोलू नकोस, धर!"

पट्टा शेवटच्या कडेवरून सरकला आणि पंपाच्या खाचांत बसला. तिने हात बाहेर घेतला. "सोड."

"हात दाखव आधी."

तिने दोन्ही हात वर करून दाखवले, दहाच्या दहा बोटं. तेव्हा कुठे त्याने बार हळूहळू सोडला. मग तो चाकाला टेकून खाली बर्फातच बसला आणि बराच वेळ आपल्या तळव्यांकडे बघत राहिला.

आयलीने गाडी सुरू केली. दोन मिनिटांत हीटरमधून गरम वारा आला. काटा मधोमध थांबला. तिने काच खाली केली, काहीतरी म्हणायला हवं होतं, आणि तिच्या तोंडात आलं ते असं: "मागे पेस्टी आहे. टॉवेलातली. घे." त्याने ती घेतली. ती निघाली.

ती हॉटनला पोचली तेव्हा एक वाजून बावीस मिनिटं झाली होती. कोर्टाच्या पायऱ्या तिने धावत चढल्या. न्यायाधीशबाई तरुण होत्या, चष्मा लावलेल्या, आणि पुढचे कागद उघडून बसल्या होत्या. केसचं काम बघणारी मिस ट्रेंबली खिडकीशी उभी होती. टाइपरायटरपाशी कारकून इर्मा होती, ती याच भागातली. दुसरं कुणी नव्हतं.

"मिसेस कार्वोनेन," न्यायाधीशबाई म्हणाल्या, "तुमचं नाव दोनदा पुकारून झालंय."

"पट्टा तुटला. गाडीचा." आयलीला धाप लागली होती. तिने हात लपवायचा प्रयत्न केला, मग सोडून दिला. "आले आहे मी. गाडी खाली उभी आहे, सीट मागे आहे."

बाईंनी तिच्या हातांकडे बघितलं, केसांकडे, ओल्या गुडघ्यांकडे. मग मिस ट्रेंबलीला खाली पाठवलं. पाच मिनिटांनी ती वर आली आणि म्हणाली, सीट ठीक आहे, गाडी ठीक आहे, बॉनेट मात्र विचित्र आहे. बाईंनी पानं उलटली. घर ठीक, तब्येत ठीक, शाळा दोन मैलांवर. एका पानावर त्या थांबल्या.

"पट्टा तुम्ही एकटीने बसवलात?"

"अर्धा."

"मग मला हेच विचारायचंय. तुम्ही रानात एकट्या राहता. फेब्रुवारीत, मुलगी मागच्या सीटवर असताना, गाडी बंद पडली तर तुम्ही कोणाला बोलावणार? ही एकच ओळ रिकामी आहे. मला एक नाव हवंय. नक्की येईल अशा माणसाचं. ते मिळालं की मी सही करते."

आयलीने तोंड उघडलं. ओन्नी, असं म्हणणार होती. पण ओन्नी अठ्ठ्याहत्तर वर्षांचा, बहिरा, आणि त्याला फोन वाजलेला ऐकू येत नाही. भाची शिकागोला. चर्चच्या बायका गाडी चालवतात ती फक्त चर्चपर्यंत. नक्की येईल अशा माणसाचं नाव. तिने ते शोधलं नाही, ते आधीच तिथे होतं, आणि ते जिभेवर आणताना तिला रडू येईल की काय असं वाटलं.

"सुलो पेसोनेन," ती म्हणाली.

इर्माचा टाइपरायटर थांबला.

"हे तुमचे कोण?" न्यायाधीशबाईंनी विचारलं. "नातेवाईक?"

"नाही." आयलीने टेबलाची कड धरली. "त्याच्या गोळीने माझा नवरा गेला. चुकून. आज त्यानेच गाडी दुरुस्त केली. बोलावलं तर तो येईल, बाई. कसाही येईल."

न्यायाधीशबाईंनी इर्माकडे बघितलं. इर्माने खाली मान घालून हळूच होकार दिला. बाईंनी पेन उचललं.

"त्यांचा फोन नंबर?"

आयलीने तो नंबर जन्मात कधी फिरवला नव्हता. पण सुलोच्या यार्डाची पाटी हमरस्त्यावर आहे, फुटभर मोठ्या पांढऱ्या आकड्यांची. नऊ वर्षं, दर आठवड्याला, तिथून जाताना ती तोंड दुसरीकडे फिरवत आली होती. तिने सातही आकडे न अडखळता सांगितले.